चार बोटं आखूड

घोडं कसं चालतं ते घोड्याकडे बघून कळत नाही, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. घोड्याकडे बघितलं की माणूस मान बघतो, शेपूट बघतो, अंगावरची चकाकी बघतो आणि हुरळून जातो. चाल बघायची तर घोडं पुढे गेल्यावर जमिनीकडे बघावं. मी रोज सकाळी मैदानातली वाळू दंताळ्याने सारखी करते, तिच्यावरून घोडं एकदा चालवते, एकदा दुडकीवर नेते, मग काठी घेऊन खाली बसते आणि टापांचे ठसे मोजते. काठीवर बोटाबोटाच्या खुणा केल्यात. चाळीस वर्षं हेच चाललंय. आमच्या तबेल्यात याला ‘आत्याचा पेपर’ म्हणतात, आणि मी पेपर वाचत असताना मध्ये बोलायची कुणाची टाप नाही.

मैदानाचा नियम एकच. सारख्या केलेल्या वाळूत माणसाने पाय ठेवायचा नाही. कुणीच नाही. मी स्वतःसुद्धा कुंपणापाशी ठेवलेल्या दगडावर उभी राहून खोगिरावर बसायचे आणि तिथूनच आत जायचे. पेपर वाचताना मी ठशांच्या बाहेरच्या कडेने रांगते, हे आधीच सांगून टाकते, कारण साठीच्या बाईला रांगताना बघून नवीन माणसाला वाटतं की हिचं काहीतरी हरवलंय.

वाचायचं काय, तर सोपं आहे. घोडं मोकळं चालत असेल तर मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाला ओलांडून पडतो. किती ओलांडतो ते घोड्यागणिक वेगळं. पण डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे पडायला हवं. नवख्या घोड्याला हे शिकवावं लागतं, कारण पाठीवर माणूस बसला की ते बिचारं बावरतं आणि पाय आखडून घेतं. त्याचे पाय परत मोकळे करणं हाच माझा धंदा.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली शिकायला चुळबूळ होती. चार वर्षांची तांबूस घोडी, माझ्याच म्हाताऱ्या घोडीचं शेवटचं पिल्लू. पोटातून बाहेर येताना तिचे पुढचे पाय मीच ओढले होते. जन्मल्यापासून एका जागी उभी राहिली नाही म्हणून हे नाव. तिचं दूध तुटलं तेव्हा दातांच्या डॉक्टरबाईंनी तिला घेतलं, पण ठेवली आमच्याकडेच, कारण डॉक्टरबाई राहतात तिसऱ्या मजल्यावर. घोडी कागदावर त्यांची आणि बाकी सगळी माझी. तिची आई गेली तेव्हापासून तर जास्तच.

सहा महिने तिला शिकवलं. आधी लांब दोरीवर, रिकाम्या पाठीने. मग नुसतं खोगीर. मग मी. दोरीवर असताना तिची दुडकी बघून मीच खुळ्यासारखी हसत उभी राहायचे, इतकी मोकळी होती. आणि मी वर बसायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. उजवा मागचा पाय चार बोटं आखूड.

आता चार बोटं म्हणजे काय, तर लांबून बघणाऱ्याला कळणारही नाही. पण डॉक्टरबाईंना कळलं. त्या दर महिन्याला एक रविवार येतात, खिशात गाजर आणतात आणि कुंपणावर हात ठेवून गप्प उभ्या राहतात. त्या दिवशी गाजर खिशातच राहिलं. त्यांना आधी एकदा जबर टोपी घातली होती कुणीतरी. लंगडणाऱ्या घोड्याला दुखायचं थांबवणारं इंजेक्शन देऊन विकलं होतं आणि आठव्या दिवशी ते तीन पायांवर आलं. तेव्हापासून त्यांना पाय म्हटलं की धास्ती. मला म्हणाल्या, “आत्याबाई, महिन्याने येते. चाल अशीच असली तर मी हिला देऊन टाकणार. मागणी आलीय.”

मागणी कुठून, तर दोन दिवसांच्या वाटेवरून. म्हणजे चुळबूळ ट्रकमध्ये चढली की मला ती या जन्मी दिसणार नव्हती. पण मी तोंडाने म्हटलं की महिना खूप झाला, पंधरा दिवसांत सरळ करते. माझं तोंड हे असंच आहे, माझ्याआधी धावतं.

मग मी शोध लावायला बसले. खरं सांगू का, मला त्यात मजाही येत होती. भीती होती, रात्री जेवण जात नव्हतं, आणि तरी सकाळी काठी घेऊन वाळूकडे जाताना पाय भराभरा उचलायचे. ‘का’ हा मला लहानपणापासून जडलेला आजार आहे. एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नसलं की मला खाज सुटल्यासारखं होतं.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तिचा प्रत्येक सांधा दुमडून बघितला, खूर चिमट्याने दाबून बघितले, पाठीवरून अंगठा फिरवला. तिने त्यांच्या टोपीचं टोक खाल्लं, बाकी काही तक्रार केली नाही. पायात काही नाही, पाठीत काही नाही, असं लिहून देऊन ते गेले.

मग दादा. माझा थोरला भाऊ नालबंद आहे. आमच्या तबेल्याच्या टोकाला त्याची भट्टी आहे, आणि गावातल्या निम्म्या घोड्यांच्या पायात त्याच्या हातचे नाल आहेत. बोलणं कमी, हात मोठे, आणि माझ्यापुढे कायम नमतं घेणारा. मी त्याला चारही नाल काढायला लावले, तागडीत घालून वजन करायला लावलं, परत ठोकायला लावलं. चारही नाल सारखे भरले. दादा म्हणाला, चिंगे, नालात काही नाही. साठीला आले तरी मी त्याची चिंगीच आहे. मी म्हटलं, मग काय हवेत आहे का? तो काहीतरी पुटपुटत भट्टीकडे गेला. तो तेव्हा काय पुटपुटला ते मी पुन्हा विचारलं नाही, ही माझी चूक.

खोगीर बदललं. खोगिराखालची घोंगडी बदलली. पोटाखालचा तंग एक घर सैल केला, मग एक घर आवळला. उजवीकडून फिरवायची ती डावीकडून फिरवली. कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर आहे, ते वाजतं म्हणून बिचकत असेल, असं वाटून दादाला छपरावर चढवून खिळे मारायला लावले. सकाळऐवजी दुपारी बसले. बसायच्या आधी खायला दिलं, नंतर दिलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पेपर वाचायचा, ही माझी पद्धत. वहीची अठरा पानं भरली. अठराही पानांवर तेच, चार बोटं. एखाद्या दिवशी साडेचार.

एकच गोष्ट अशी होती की ती केली की ठसे सारखे पडायचे. पाठीवरून मी उतरायचे आणि तिला मोकळी सोडायचे. मोकळी असली की दोन्ही बाजू तंतोतंत. हे मी पहिल्याच आठवड्यात वहीत लिहिलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, ‘साहजिक आहे, वजन नाही.’ आज ती ओळ वाचते तेव्हा स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

भाचीने एकदा विचारून बघितलं होतं. भाची म्हणजे दादाची मुलगी. बालवाडीत शिकवते म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. सव्वीस वर्षांची आहे, शाळेत जायच्या आधी दोन तास तबेल्यात असते. ती म्हणाली, आत्या, एकदा मी बसून बघू का? मी तिला तिथल्या तिथे उडवून लावलं. तिचे हात जड आहेत, कोवळ्या तोंडाची घोडी तिच्या हातात देणार नाही, असं सगळ्यांसमोर बोलले. हात जड वगैरे काही नव्हते. मला ती घोडी दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती, एवढंच. मास्तरीण लीद उचलायला गेली.

अशी तीन आठवडे मी झक मारली. मग एक दिवस वाऱ्याचा आला.

त्या सकाळी मी वाळू सारखी केली आणि घोडी आणायला वळले तर टोपी उडाली. गेली ती थेट मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. मी नियम मोडून आत गेले, टोपी आणली, परत आले, चिडचिड करत घोडीवर बसले. मग घोडीने पत्र्यापाशी असा काही नाच केला की टोपीबिपी माझ्या डोक्यातून साफ गेली. अर्ध्या तासाने उतरले, काठी घेतली आणि पेपर वाचायला बसले. उजवा मागचा, चार बोटं. पुढे रांगत गेले, तर कोपऱ्यात माणसाच्या बुटांचे ठसे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वाळूत माणूस! पण ठसे समोर असले की मला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. काठी लावली. बाई किंवा बारका पुरुष. डावं पाऊल आखूड पडतंय. डावी टाच जेमतेम टेकलीय आणि उजवी खोल रुतलीय, म्हणजे सगळा भार उजव्या अंगावर टाकून चालणारं माणूस. डावा पाय जरासा बाहेर फेकतंय. कमरेतून गेलेलं दिसतंय, गुडघ्यातून नाही. मला कीव आली. इतकी वर्षं ठसे वाचतेय, पण दोन पायांच्या प्राण्याचा इतका स्पष्ट रोग मी कधी वाचला नव्हता.

मी दादाला हाक मारली. तो अंगापुढे बांधलेल्या चामड्याला हात पुसत आला. मी म्हटलं, माझ्या मैदानातून कोण लंगडं गेलं, ते सांग आधी. कुंपण ओलांडून लोक येतात, तुझं लक्ष कुठे असतं? दादा ठशांकडे बघत राहिला. मग माझ्या बुटांकडे बघितलं. मग परत ठशांकडे. मी आणखी काहीतरी टाकून बोलणार होते. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

मी माझा डावा बूट उचलून त्या ठशावर ठेवला. तो बसला.

त्या दिवसाच्या सव्वादोन वर्षं आधी एक घोडं माझ्यासकट घसरलं होतं. डाव्या कमरेचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात काढले आणि चौथ्या महिन्यात मी खोगिरावर होते. बरी झाले, असं मी जगाला सांगितलं. जगाने मान हलवली. कमर पावसाळी हवेत ठणकायची, पण साठीच्या कुणाची ठणकत नाही? लंगडते आहे असं मला कधी जाणवलं नाही. जाणवलं असतं तर मी काय गप्प बसणारी आहे का?

दादाने तिथेच, वाळूत उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. कमरेचं हाड मोडल्यावर माझा डावा पाय पाऊण बोट आखूड झाला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, मला त्याने सांगितलं नाही. अंथरुणातून उठले त्या आठवड्यात त्याने माझ्या डाव्या बुटात चामड्याचा जाड थर घातला, वर जुनंच अस्तर चिकटवलं. माझ्या खोगिराच्या डाव्या रिकिबीचा पट्टा मधेच एक भोक पाडून वर घेतला, म्हणजे पाय सारखे टेकल्यासारखे वाटतील. नवीन बूट घेतले की पुन्हा थर. खोगीर बदललं की पुन्हा भोक. आणि वहिनी. वहिनी कपडे शिवतात, माझे सगळे कपडे त्यांच्याच हातचे. सव्वादोन वर्षं त्या माझ्या सगळ्या पँटींचा डावा पाय पाऊण बोट कमी कापत होत्या.

“तू घोडं सोडलं असतंस तर जगली नसतीस, चिंगे,” दादा म्हणाला. “मला दुसरं काही सुचलं नाही.”

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी त्याला नालबंद आहेस का जादूगार, असं विचारलं, आणि काठी कुंपणावर आपटून मोडली. घरी जाऊन वहिनींच्या शिलाई मशीनसमोर उभी राहिले. त्यांनी पाय थांबवला. वहिनींवर मी इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वन्सं, तुम्ही विचारलं असतंत तर मी खोटं बोलले नसते. तुम्ही कधी विचारलंच नाही. मग त्यांनी मशीन परत सुरू केलं. मला रडू आलं ते त्या आवाजात लपून गेलं, ते एक बरं झालं.

दीड दिवस मी कुणाशी बोलले नाही. मला राग आला होता, आणि लाजही वाटत होती. गावभरच्या घोड्यांचे पाय मोजत हिंडणारी बाई, आणि स्वतःचा पाय भावाने परस्पर मापून ठेवलेला. सगळ्यात वाईट म्हणजे त्या सव्वादोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली घोडी आठवायला लागली. नऊ होती. त्यांतल्या तिघांचा उजवा मागचा पाय आळशी आहे, असं मी त्यांच्या मालकांना सांगितलं होतं. घोडं जातीचंच तसं आहे, म्हटलं होतं. त्या तिघांना मी मनातल्या मनात हात जोडले.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझा जुना आजार उसळला. आहे खरं, पण कसं? मी बुटातला थर उपटून काढला, पट्टा मूळच्या भोकात अडकवला आणि घोडीवर बसले. मोडक्या काठीच्या तुकड्याने पेपर वाचला. सहा बोटं. म्हणजे दादाने आणि वहिनींनी माझं दिसणं सारखं केलं होतं आणि दोन बोटं घोडीचीही वाचवली होती, बाकीची चार त्यांच्या हातातली नव्हती. खोगिरावर कमर कशी टेकते ते बुटात चामडं घालून बदलत नाही. मी वाकडी बसायचे, ती बिचारी मला तोलायला उजवा पाय आखडायची. इतकं साधं. नवीन काठीवर खुणा करताना मला चक्क बरं वाटत होतं. कारण सापडलं होतं.

संध्याकाळी मास्तरीण आली. मी तिला म्हटलं, बस. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, हात जड नाहीत तुझे, मी खोटं बोलले होते, आता बस आणि पाठ ताठ ठेव. ती बसली. एक फेरी चाल, एक फेरी दुडकी. मी खाली रांगत गेले. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. अर्ध्या बोटाचाही फरक नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घोडी वाचली आणि मी गेले, असं वाटलं. मास्तरीण वरून विचारत होती, आत्या, काय आहे? मी म्हटलं, ठीक आहे, उद्या सहाला ये.

मग आठ दिवस मी कुंपणापाशी उभी राहून शिकवलं. लगाम सोड, टाच लाव, कोपऱ्याच्या आधीच वळायचा विचार कर. आधी दोन दिवस माझा आवाज चढायचा, कारण जे करायचं ते अंगाला ठाऊक होतं आणि तोंडाने सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून यायला लागलं. चुळबुळीची दुडकी मोकळी झाली. मला त्याचंही नवल वाटलं, की हे खालूनही करता येतं.

ठरल्या रविवारी डॉक्टरबाई आल्या. मास्तरणीने घोडी दाखवली, दोन्ही अंगांनी, चाल आणि दुडकी. डॉक्टरबाई बराच वेळ कुंपणावर हात ठेवून उभ्या होत्या. मी वाट बघत होते गाजराची. गाजर काही खिशातून बाहेर येईना.

त्या म्हणाल्या, “महिन्यापूर्वी ही लंगडत होती. आज लंगडत नाही. मला कारण सांगा. कारण मिळालं नाही तर मी हिला ठेवणार नाही, मला एकदा इंजेक्शनवर उभं केलेलं घोडं मिळालंय.”

बाईचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

दादा माझ्या मागे उभा होता. तो पुढे आला आणि त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, माझी चूक होती डॉक्टरबाई, उजव्या मागच्या पायाचा नाल जड बसला होता, बदलला. चाळीस वर्षं गावात ज्याच्या नालाला कुणी नाव ठेवलं नाही, तो माणूस. डॉक्टरबाईंचा चेहरा सैल झाला. नाल, हे कारण त्यांना पटण्यासारखं होतं. मी गप्प बसले असते तर तिथेच सगळं मिटत होतं. घोडी राहिली असती, मी आत्या राहिले असते, आणि पुढच्या घोड्यावर परत मीच बसले असते.

आणि दादाने परत एकदा माझ्या बुटात थर घातला असता.

मी म्हटलं, “नाल सारखे होते. वाकडी मी आहे.”

सगळं सांगितलं. हाड, पाऊण बोट, रिकीब, वही. डॉक्टरबाईंचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? घोडं सांभाळायला माणसं काय वाट्टेल ते सांगतात. त्यांचा हात परत कुंपणावर घट्ट झाला. तेव्हा मी मास्तरणीला उतर म्हटलं आणि स्वतः दंताळं घेऊन अख्खं मैदान सारखं केलं. मग दगडावर चढले. दादा नको म्हणाला, वहिनी त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या, त्याही वन्सं, राहू द्या म्हणाल्या. मी डॉक्टरबाईंच्या हातात काठी दिली, कुठून कुठपर्यंत मोजायचं ते दाखवलं, आणि चुळबुळीवर बसले.

एक फेरी चाल, एक फेरी दुडकी. मला जितकं चांगलं बसता येतं तितकं बसले. मुद्दाम वाकडं काहीही केलं नाही. उलट मनात एक वेडी आशा होती की आज ठसे सारखे पडतील आणि मी सगळ्यांसमोर खोटी ठरेन. हवा लागत होती, घोडीचे कान पुढे होते, पत्र्यापाशीसुद्धा ती बिचकली नाही. मी तिच्या मानेवर हात ठेवला. ती कधी नव्हे ती एका जागी उभी राहिली.

खाली डॉक्टरबाई आपली चांगली पँट घालून वाळूत गुडघ्यांवर बसल्या होत्या. एक ठसा, दुसरा ठसा, परत पहिला. मला वरून त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी खात्रीसाठी मला अजून एक फेरी मारायला लावली असती तर मला घोडीवर आणखी वेळ मिळाला असता, असा एक फालतू विचार माझ्या मनात येऊन गेला. त्या उठल्या, वाळू झटकली आणि म्हणाल्या, चार बोटं. मग म्हणाल्या, राहू दे हिला इथेच, मुलीच्या हाताखाली, आणि तुम्ही खाली उभ्या राहा.

मी हो म्हटलं. मास्तरणीने येऊन लगाम धरला, दादाने मला उतरवायला दोन्ही हात वर केले. मी लगेच उतरले नाही. त्यांना वाटलं मी रडते आहे, म्हणून सगळे शहाण्यासारखे दुसरीकडे बघू लागले. मी रडत नव्हते. मी आठवून बघत होते. नुकत्याच मारलेल्या दोन फेऱ्यांतलं पाऊल न् पाऊल आठवून बघत होते, कारण मला कळून घ्यायचं होतं की ती चार बोटं कुठे गेली. आणि तुम्हाला शपथेवर सांगते, वर बसून मला ती घोडी अगदी सरळ चालल्यासारखी वाटली होती.